केडलस्टनचा वाडा आणि आपली असई

डर्बी, रविवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल येथून जवळच असलेला केडलस्टन हॉल पाहून आलो. इंग्रज उमरावांच्या वाड्यांची मला फारशी हौस नाही. परंतु तेथे फिरताना सारखी असईच्या रणांगणाची आठवण होत राहिली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ही जहागीर कर्झन घराण्याकडे कित्येक शतके होती. नॅथॅनिएल कर्झनने जुने घर पाडून १७५९ मध्ये आजचा वाडा बांधायला घेतला आणि त्याच्या आड येणारे अख्खे केडलस्टन गाव तेथून उठवले. जुने चर्च तेवढे जागेवर राहिले. ‘कर्झनने राखले ते कर्झननेच राखावे’ अशा अर्थाचे या घराण्याचे ब्रीद आहे. गावकऱ्यांना मात्र ते लागू नसावे.

मूळ आराखड्यात मधल्या इमारतीला वळणदार मार्गिकांनी जोडलेल्या चार उपइमारती होत्या, पण प्रत्यक्षात दोनच बांधल्या गेल्या. चारही उपइमारतींचा वाडा उभा राहिला तो कलकत्त्यात! गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने केडलस्टनच्या धर्तीवर आपले निवासस्थान बांधवले आणि ते १८०३ मध्ये पूर्ण झाले. पेशव्यांनी इंग्रजांशी केलेला वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, आणि त्यातून पेटलेल्या युद्धातली असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. म्हणजे त्या नव्याकोऱ्या दालनांत रिचर्डचा मुक्काम असतानाच त्याचा धाकटा भाऊ आर्थर आपल्या जालन्याकडे शिंदे-भोसल्यांशी लढत होता. तुम्ही रणांगण दाखवायला नेलेत तेव्हा मला दोन्ही वेलस्ली एकच वाटले होते, ते आठवून हसू आले.

पुढे केडलस्टनमध्येच जन्मलेला जॉर्ज कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन कलकत्त्यास गेला, तो आपल्याच घराच्या प्रतिकृतीत राहावयास. त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचे संग्रहालय वाड्याच्या तळमजल्यावर आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात त्याची पत्नी मेरी हिने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगाही याच वाड्याच्या संग्रहातला. कापडावरचे जरीकाम आपल्याकडच्या कारागिरांनी केले आणि शिवण पॅरिसला झाली. जरीकाम आता काळवंडले आहे, परंतु प्रत्येक मोरडोळ्यात टाचलेले भुंगेऱ्याचे पंख अजून हिरवेगार चमकतात.

१९८७ पासून वाडा ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. फोटो वेगळे पाठवतो. आईला झग्याचा आधी दाखवावा.

आपला,
सुहास