वैशू, क्रूझच्या डेकवर बसायच्या आधी हे पत्र वाच

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी

प्रिय वैशू,

तिकिटं झाली हे ऐकून इतकं बरं वाटलं ना. मार्चच्या शेवटी मायामीहून निघायचं, सात रात्री, कॅरिबियनमध्ये सान हुआन, सेंट थॉमस आणि परत, तुझ्या चिन्मयने रूट छान निवडलाय, आणि सूनबाई नि नातू पण बरोबर म्हणजे सगळं घरच बोटीवर. तू मेसेजमध्ये विचारलंस की पोहता येत नाही तर पूलपाशी नुसतं बसलं तर चालतं का, लोक काही म्हणणार नाहीत ना. अगं, तिथे बहुतेक सगळे नुसते बसायलाच येतात! पाण्यात असतात मुलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आईबाप, बाकी सगळे आडवे, हातात पुस्तक नाहीतर डोळे मिटलेले. त्यामुळे ती काळजी सोड. पण दोन गोष्टी आहेत ज्या मला तुला फोनवर घाईत सांगायच्या नव्हत्या, एक त्या खुर्च्यांचं आणि एक उन्हाचं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय. भाऊजींना पण वाचून दाखव.

आधी खुर्च्या. तुम्ही जाताय तेव्हा इथल्या शाळा-कॉलेजांना स्प्रिंग ब्रेकची सुट्टी असते, जहाज गच्च भरलेलं असणार, आणि ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, ज्याला सी डे म्हणतात, त्या दिवशी सगळी जनता एकाच डेकवर. मग काय होतं, सकाळी सहा-साडेसहाला माणसं येतात, चार खुर्च्यांवर चार टॉवेल टाकतात, वर एक चप्पल, एक पुस्तक, आणि जातात नाश्त्याला, तिथून जिमला, तिथून कुठे कुठे, आणि अकरा वाजता उगवतात. तोपर्यंत एखादी आजी काठी टेकत दोन चकरा मारून परत गेलेली असते. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचे ना, तसंच हे दिसतं, पण तिथे रुमाल टाकणारा माणूस निदान पुढच्या मिनिटाला दारातून आत येऊन बसायचा तरी, इथे खुर्ची रिकामी आणि माणूस तीन तास गायब. मला हे खरंच पटत नाही. तुम्ही सगळेच सारखे पैसे भरून आलेले असता.

कंपन्यांचे यावर नियम आहेत. कार्निव्हलमध्ये रिकाम्या खुर्चीवर वेळ लिहिलेला स्टिकर लावतात आणि चाळीस मिनिटांत कोणी आलं नाही तर सामान उचलून बाजूला ठेवतात, रॉयल कॅरिबियनचा नियम तीस मिनिटांचा आहे. तुमचं जहाज कुठलंही असो, डेकवर पाटी असतेच, ती पहिल्या दिवशी वाच. पण नियम असणं आणि तो पाळून घेणं यात फरक आहे, कारण पाळून घ्यायचं काम येतं पूल डेकवरच्या पोरांवर, आणि वैशू, मला ह्यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. मागे एका क्रूझवर टॉवेल देणाऱ्या मुलाशी बोलत होते, नावाची पट्टी बघून अंदाज आला, विचारलं तर वेंगुर्ल्याचा निघाला, मग काय मालवणीत गप्पा. कोकणातली, गोव्यातली कितीतरी मुलं ह्या जहाजांवर असतात, गोव्यात तर घराघरांत कोणी ना कोणी बोटीवर. आठवड्याचे सातही दिवस काम, कित्येक महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आंतरराष्ट्रीय नियमानेसुद्धा आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम करून घेता येतं. हा मुलगा पहाटे उठून खुर्च्या पुसून ओळीत लावणार, दिवसभर त्याच उन्हात उभा राहणार, आणि कोणाचा टॉवेल नियमाप्रमाणे उचलला की तोच माणूस येऊन त्याच्यावर ओरडणार, आणि नाही उचलला तर जागा न मिळालेला दुसरा ओरडणार. दोन्हीकडून बोलणी त्यालाच, आणि उलट उत्तर द्यायची सोय नाही.

म्हणून माझं एवढंच, तुम्ही पाच जण आहात तर पाच खुर्च्या धरू नका. कोण खरंच बसणार आहे ते बघा, दोन पुरतात, आलटून पालटून बसता येतं. जेवायला जाताना टॉवेल उचलून घेऊन जा. कोणाची खुर्ची तासभर रिकामी दिसली तर त्याचं सामान आपण हलवायचं नाही, त्या मुलाला शांतपणे सांगायचं, आणि त्याला जमलं नाही तर राहू दे. टॉवेल बऱ्याच जहाजांवर कार्डावर नोंदवून देतात आणि परत केला नाही तर बिलात पैसे लागतात, ते लक्षात ठेव, नातवाला गुंडाळून रूमवर नेलेला टॉवेल शेवटच्या दिवशी हमखास विसरतो.

आणि जागा मिळायच्या युक्त्या आहेत गं, पहाटे उठायची काही गरज नाही. पहिल्या दिवशी दुपारी बोटीवर चढलात की सगळे बुफेकडे धावतात, तेव्हा पूल रिकामा असतो, फक्त स्विमिंगचे कपडे हातातल्या बॅगेत ठेव कारण मोठ्या बॅगा रूमवर यायला संध्याकाळ होते. बंदराच्या दिवशी निम्मं जहाज खाली उतरलेलं असतं, तेव्हाही शांतता. आणि बऱ्याच जहाजांना खालच्या मजल्यावर बाहेरून चालायला प्रोमनाड डेक असतो, डोक्यावर छत, समोर समुद्र, गाणी नाहीत, तिथल्या खुर्च्या कोणी बघतसुद्धा नाही. तुला तीच जागा आवडेल याची मला खात्री आहे.

आता ऊन. तू म्हणालीस, आपण पुण्याच्या उन्हात वाढलोय, आपल्याला काय होतंय. ऐक. सेंट थॉमस आणि पुणं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही साडेअठराच्या आसपास. म्हणजे मार्चच्या शेवटी तिथे जे ऊन असेल ते होळीनंतरच्या पुण्याचंच ऊन, सूर्य तितकाच डोक्यावर. आता मला सांग, होळीनंतर भर दुपारी बारा वाजता, खांदे उघडे टाकून, तू कधी गच्चीत तीन तास आडवी झालीयेस? आपण त्या उन्हात वाढलो म्हणजे त्या उन्हापासून पळायला शिकलो, छत्री, ओढणी, सनकोट, दुपारी पडदे ओढून झोप. जहाजावर हे सगळं सुटतं आणि कळतही नाही, कारण जहाज वीसेक नॉट्सने चाललेलं असतं, म्हणजे ताशी सदतीस किलोमीटरचा वारा सतत अंगावर, कातडीला गारच वाटतं. ऊन लागतंय हे आपण गरम होण्यावरून ओळखतो, पण भाजणारे किरण वेगळे, अतिनील, ते गरम लागतच नाहीत. मग रात्री जेवताना पाठ हुळहुळायला लागते आणि दुसऱ्या दिवशी तर ब्लाऊजचा काठ सहन होत नाही.

छत्रीखाली बसलं की झालं असंही नाही, कारण अतिनील किरण फक्त सूर्याकडून सरळ येत नाहीत, अख्ख्या आकाशातून विखरून येतात, आणि समुद्रावर आकाश चहूकडे उघडं, ना इमारत ना झाड. ढग असले तरी बरेचसे आरपार येतात. म्हणून फोनवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, बघत जा. तीन झाला की काळजी घ्यायची, आठपासून फार जास्त, अकरापासून टोकाचा, आणि तुमच्या वाटेवर दुपारी तो दहा-अकराच्या घरात जाऊ शकतो. फोन जवळ नसेल तर सावली बघ, आपली सावली आपल्यापेक्षा छोटी असेल तर आत जायचं. त्या दिवसांत तिकडे भर दुपारी ती आपल्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीसुद्धा पडत नाही.

सनस्क्रीन आण पण भरपूर आण, हे मुद्दाम सांगतेय. आपण वाटाण्याएवढं चेहऱ्याला लावतो आणि समाधान मानतो. पूर्ण अंगाला एका वेळी साधारण तीस मिली लागतं, म्हणजे आपल्याकडची पन्नास ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दोनदासुद्धा पुरत नाही, आणि दर दोन तासांनी परत लावायचं असतं, पाण्यातून आलं की लगेच. एसपीएफ तीस साधारण सत्त्याण्णव टक्के यूव्हीबी, म्हणजे भाजणारे अतिनील किरण, अडवतं, पन्नास अठ्ठ्याण्णव, तेव्हा शंभरच्या मागे लागू नको, जाड लाव. स्प्रेवालं नको, वाऱ्यावर निम्मं शेजारच्याच्या तोंडावर आणि ज्यूसमध्ये जातं आणि खालची लाकडी जमीन निसरडी होते, मी स्वतः एका काकांना तिथे घसरताना बघितलंय. आणि सेंट थॉमस हे अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये येतं, तिथे प्रवाळांना त्रास होतो म्हणून २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. आपल्याकडच्या ट्यूबांवर ऑक्टिनोक्सेट बरेचदा इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट ह्या नावाने लिहिलेलं असतं, मागे वळून वाच. झिंक ऑक्साइडवालं घे. ते आपल्या रंगावर पांढरट दिसतं, म्हणून टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाची छटा असलेलं घे, आणि तुझ्या गालावर वांग आहेत ना, त्यासाठी तर टिंटेडच हवं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर दिसणाऱ्या उजेडानेसुद्धा गडद होतात आणि त्या टिंटमधलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं.

त्यापेक्षाही चांगलं म्हणजे कपडा. पूर्ण बाह्यांचा स्विम टॉप आणि खाली लेगिंग, कपड्यावर यूपीएफ पन्नास लिहिलेलं असलं की अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग आत येतो, लावायची कटकट कमी, आणि तुला संकोच वाटत होता तोही प्रश्न सुटतो. तिथे असे कपडे घालणारे खूप असतात, कोणी वळूनही बघत नाही. फक्त कॉटनचा कुर्ता किंवा टी-शर्ट घालून पाण्यात जाऊ नको, बऱ्याच जहाजांवर पूलमध्ये ते चालत नाही आणि ओलं झाल्यावर ते ऊनही फारसं अडवत नाही. आणि पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्यायचा, तेल-लोशन सगळं पाण्यात जातं नाहीतर.

नातवाचं सांगते. डायपरमधल्या मुलांना मुख्य पूलमध्ये आणि हॉट टबमध्ये सोडत नाहीत, स्विम डायपर असला तरी नाही, अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर हे सीडीसी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियमांमुळे आहे. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी छोटी पाण्याची जागा असते, सूनबाईला आधीच चौकशी करायला सांग, नाहीतर पूल बघून पोर रडणार आणि तुम्ही त्या डेकवरच्या मुलाशी वाद घालणार, ज्याच्या हातात काहीच नाही. आणि लाइफगार्ड सगळ्या जहाजांवर नसतात. त्याच्यावर नजर ठेवायचं काम एका माणसाने घ्यायचं, सगळ्यांनी मिळून नाही, सगळे बघतायत म्हणजे कोणीच बघत नसतं.

भाऊजींची बीपीची गोळी! हे मी विसरणार नव्हते. नावाच्या शेवटी एच असेल तर बहुतेक वेळा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, त्याने कातडी उन्हाला जास्त हळवी होते. डॉक्सीसायक्लिन ह्या अँटिबायोटिकचंही तसंच. गोळी बंद करायची नाही, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं आणि टोपी, पूर्ण बाह्या. हॉट टबचं पाणी चाळीस डिग्रीपर्यंत गरम असतं, बीपी असताना आणि वर बिअर घेतलेली असताना त्यात बसणं बरोबर नाही, डॉक्टर हो म्हणाले तरी दहा मिनिटांत बाहेर. आणि हो, लिंबू! उन्हात बसून ड्रिंकमध्ये लिंबू पिळलंत तर हात साबणाने धुवा. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं की दोन दिवसांनी फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत, लोकांना वाटतं काही चावलं.

एक नाजूक गोष्ट. डेकवर बायका बिकिनीत असतात, सगळ्या वयाच्या, सगळ्या आकाराच्या. आपली माणसं टक लावून बघतात, व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना अख्खा पूल फिरवून दाखवतात, आणि त्यात कोणीतरी अनोळखी बाई आडवी असते. मला हे बघून फार वाईट वाटतं. फोन समुद्राकडे करा, आपल्या माणसांकडे करा. आवाज मोठा असेल तर उठून रेलिंगपाशी जाऊन बोला. आणि सूनबाई उन्हात बसली तर तिला काळी पडशील असं म्हणू नको हं. तुला नि मला आयुष्यभर तेच ऐकवलं ना सगळ्यांनी. तिला भाजेल म्हणून सांग, पाठीला क्रीम लावून दे, तिथे हात पोचत नाही कोणाचा.

आणि एवढं करूनही कातडी लाल झालीच तर गार पाण्याची आंघोळ, कोरफड जेल, भरपूर पाणी, फोड आले तर फोडायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सावलीत. चक्कर, उलटी, ताप, असंबद्ध बडबड असं काही झालं तर वाट बघू नका, जहाजावर डॉक्टर असतो, महाग असतो पण जायचं. प्रवासाचा विमा काढलाय ना? नसेल तर चिन्मयला आजच सांग.

भाऊजींच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठव, मागची बाजू, म्हणजे मला पण नाव कळेल. आणि सनस्क्रीन तिकडून ओझं आणत बसू नको, मी झिंकवालं इथून घेऊन चिन्मयच्या पत्त्यावर पाठवते, तुझ्या रंगाला कुठली शेड लागेल तेवढी मला दिवसाच्या उजेडातल्या एका फोटोवरून ठरवू दे.

तुझी,
शुभा