न पिणारा एकटा पुरत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘पार्टीत एकाने पिऊ नये आणि त्यानेच गाडी चालवावी’ हे आता तरुणांच्या अंगवळणी पडू लागले आहे, ते चांगलेच. पण त्या एकाच्या माथी काय येते, हे कोणी सांगत नाही. परवाना नवा, रात्रीचे दोन वाजलेले आणि मागे तिघांचा गोंधळ. ताशी ६० किलोमीटर वेगात तीनच सेकंद मागे वळून पाहिले, तरी गाडी ५० मीटर आंधळी धावते. शिवाय तो सकाळपासून जागा असतो. सलग १७-१८ तासांचे जागरण झाले की थेंबही न घेता हातपाय प्यायल्यासारखे मंदावतात.

म्हणून न पिणारे दोघे हवेत: एक चालवणारा, दुसरा मागे बसून सांभाळणारा. सर्वांत जास्त प्यायलेल्याला पुढे बसवू नये, स्टिअरिंग आणि हँडब्रेक त्याच्या हाताशी येतात. चालकाच्या पाठीमागेही नको. तिरक्या बाजूच्या खिडकीशी बसवावे. चाइल्ड लॉकचा खटका बहुतेक गाड्यांत मागच्या दाराच्या कडेला असतो, दार उघडल्याशिवाय दिसत नाही. तो निघण्याआधीच लावावा. मग ते दार आतून उघडणार नाही, हे सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवावे. पट्टा मागच्यांनाही हवाच. धडक बसली की विनापट्ट्याचा माणूस चालकाच्या सीटवर आदळतो. कोणी पट्टा लावत नसेल, तर गाडी सुरूच करू नये, मग मित्र कितीही चिडोत.

उलटीसाठी एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्या आधीच हाताशी ठेवाव्यात. मळमळ म्हटल्याबरोबर करकचून ब्रेक दाबायचा नाही. इंडिकेटर देऊन रस्त्याच्या कडेबाहेर थांबायचे आणि रहदारी नसलेल्या बाजूनेच उतरवायचे.

खरा धोका मात्र ‘झोपला एकदाचा’ म्हणून सुस्कारा सोडण्यात आहे. शेवटच्या घोटानंतरही काही वेळ रक्तातले अल्कोहोल वाढतच राहते. मान मागे टाकलेल्याला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. खांदा हलवूनही जागा होत नसेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला घरी नेत बसू नये. थांबून कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. कॉफी किंवा गार पाण्याने नशा उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करते.

शुद्धीत असलेल्यालाही फाटकाशी सोडून निघू नये. घरात जाग्या असलेल्या कोणाच्या तरी हवाली करावे आणि किती, केव्हापर्यंत प्यायला, हे त्यांना सांगूनच परतावे.

— एक वाचक