एल अनात्सुई यांची मास्तरकी कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांच्यावरचा मजकूर वाचला. फोटो झकास छापला आहे, त्याबद्दल आधी आभार. आफ्रिकेतल्या कलावंताला आपल्याकडे पाव पान मिळणंही विरळा. पण शीर्षक दिलंय ‘टाकाऊतून टिकाऊ’, आणि सगळा सूर असा की दारूच्या बाटल्यांची झाकणं वेचता वेचता या माणसाचं नशीब उघडलं. आम्ही चित्रकला शिक्षक मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड करून घेतो, त्याला हे शीर्षक शोभतं. त्याहून खटकलं ते वेगळंच. अनात्सुईंनी १९६९ पासून २०११ पर्यंत नोकरी केली ती शिक्षकाची, आणि संपूर्ण मजकुरात त्याबद्दल एक ओळ नाही.

जन्म १९४४चा, अन्याको गावचा. तेव्हा घाना हा देश नव्हता, ब्रिटिशांची ‘गोल्ड कोस्ट’ वसाहत होती. वडील मासेमारी करत आणि केंटे विणत. केंटे म्हणजे अरुंद पट्ट्या मागावर विणून, मग त्या एकमेकींना जोडून केलेलं रंगीत वस्त्र. भावंडं बत्तीस, त्यांत हे शेंडेफळ. आई लवकर गेल्यामुळे ते मिशनच्या घरात वाढले आणि मागावर बसायचं राहून गेलं. घानातल्याच कुमासी शहराच्या कला महाविद्यालयात शिल्पकला शिकले, तर तिथला अभ्यासक्रम लंडनच्या वळणाचा. आपल्या मातीतल्या खुणा बघायला त्यांना वर्गाबाहेर पडून कुमासीच्या सांस्कृतिक केंद्रातल्या कारागिरांकडे जावं लागलं. मुंबईच्या जे. जे.चा जुना इतिहास माहीत असलेल्यांना यात नवल वाटू नये.

१९६९ साली कलाशिक्षणाची पदविका घेऊन ते घानातल्याच विनेबाच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवायला रुजू झाले. तिथल्या बाजारात बायका खाण्याचे जिन्नस गोल लाकडी ताटांत मांडून विकत. अनात्सुईंनी तशी ताटं घेतली आणि तापल्या लोखंडाने त्यांवर अडिंक्रा, म्हणजे घानातली पारंपरिक अर्थपूर्ण चिन्हं, डागली. त्यांची पहिली महत्त्वाची कामं ही. म्हणजे समोर जे सापडेल त्यात काम करायचं ही वाट झाकणांच्या तीस वर्षं आधीची आहे. पुढे मडक्यांच्या खापऱ्या आल्या, मग लाकडाच्या फळ्या. १९८० मध्ये अमेरिकेत एका कलाकेंद्रात असताना यांत्रिक करवत हाती आली, आणि तिने फळ्या ओरबाडून त्यांनी शिल्पं केली. साहेबांनी नकाशावर रेघा मारून आफ्रिका कशी कापली, ते त्या घावांत दिसतं. या फळ्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि त्यांचा क्रम बदलता येतो.

१९७५ साली ते नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात गेले. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताचं यादवी युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि त्याची झळ या विद्यापीठाने सोसली होती. तिथल्या कला विभागाला आकार देत होते चित्रकार उचे ओकेके. त्या भागातल्या इग्बो समाजाच्या बायका अंगावर आणि भिंतींवर ‘उली’ नावाचं रेखाटन करत; ओकेकेंनी ते आपल्या आईच्या हातून पाहिलं आणि थेट विद्यापीठाच्या वर्गात आणलं. अनात्सुई ना इग्बो, ना नायजेरियन. १९८३ साली नायजेरियाने लाखो घानावासीयांना देशाबाहेर काढलं तेव्हाही ते न्सुक्कातच होते. नव्वदच्या दशकात लष्करी राजवटीत एकामागून एक प्राध्यापक देश सोडून गेले. त्यांचे सहकारी ओबिओरा उदेचुक्वु यांना तर आधी अटक झाली, मग ते अमेरिकेला गेले. अनात्सुई निवृत्तीपर्यंत तिथेच शिकवत राहिले. महागडं, परदेशातून मागवलेलं साहित्य नाही म्हणून काम अडलं, ही सबब त्यांच्या वर्गात चालत नसे. आसपास बघा, असा त्यांचा आग्रह असे.

विद्यार्थी कोण, तेही बघा. चिका ओकेके-अगुलू आज प्रिन्स्टनमध्ये आफ्रिकी कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक आहेत. २०१९ मध्ये म्युनिकला अनात्सुईंचं मोठं प्रदर्शन भरलं ते त्यांनी आणि प्रदर्शन-संयोजक ओक्वुई एन्वेझोर यांनी मिळून रचलं. दुसरे ओलू ओगुइबे. २०१७ मध्ये जर्मनीत कासेलला त्यांनी निर्वासितांसाठी स्तंभ उभारला आणि त्यावर ‘मी परका होतो, तुम्ही मला आसरा दिलात’ हे बायबलमधलं वचन चार भाषांत कोरलं. गावातल्या उजव्या पक्षाला तो अर्थातच झोंबला. तिसऱ्या नेना ओकोरे. त्या अमेरिकेत शिल्पकार आणि अध्यापक आहेत. या तिघांचं काम एकमेकांसारखं नाही आणि सरांसारखंही नाही. मास्तरांची नक्कल करणारे चेले आपण कितीतरी पाहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता झाकणांकडे येतो. १९९८च्या सुमारास न्सुक्काजवळ रानात झाकणांनी भरलेली एक पिशवी त्यांना सापडली, इतकं तुमच्या लेखात आहे. ती झाकणं ॲल्युमिनियमची, रम-जिन-व्हिस्कीच्या बाटल्यांवरची. ती ठोकून सपाट करायची, कापायची, दुमडायची, भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांत गुंफायची. स्टुडिओत मदतनिसांची फौज, त्यांत विद्यार्थीही. तयार तुकडे जमिनीवर पसरून अनात्सुई त्यांची जुळणी पुन्हापुन्हा बदलतात. आणि दारू काही योगायोगाने आलेली नाही. युरोपीय व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू देऊन माणसं विकत घेत. ती माणसं अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत राबत आणि त्या उसाची पुन्हा रम होई. हा इतिहास काढून टाकला तर उरते नुसती चकाकी.

हे विशाल पट टांगायचे कसे, ते ठरवण्याची मोकळीक अनात्सुई मांडणी करणाऱ्यांना देतात. पडद्यासारखे चुणीदार टांगा, सपाट टांगा, इमारतीला पांघरा. व्हेनिसमध्ये २००७ साली पालाझ्झो फॉर्च्युनी या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर असाच एक पट होता. त्याच व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने, बिएनालेने, २०१५ मध्ये जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार त्यांना दिला. लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये २०२३-२४ साली त्यांचं काम टांगलेलं होतं. तुम्ही छापलेला फोटो तिथलाच दिसतो, पण त्याखालच्या ओळीत कलाकृतीचं नाव नाही आणि स्थळही नाही. एवढी दुरुस्ती तरी छापावी. शक्य झाल्यास न्सुक्काच्या त्या विभागावर स्वतंत्र लेख द्यावा. आमच्याकडे ड्रॉइंगचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकण्याची पद्धत आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायला ते कात्रण कामाला येईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा