तो कालवा कुणीतरी खणलाय

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला जर्मन निसर्गचित्रांवरचा लेख दोनदा वाचला. चित्रकार फ्रीडरिशचं धुकं, समुद्र वगैरे छान आलंय, पण ब्रेमेन शहराजवळच्या वोर्प्सवेडे या चित्रकारांच्या गावाला 'शांत, निर्मळ खेडं' म्हणून दोन ओळींत उरकलं ते काही सहन झालं नाही.

मुलीकडे ब्रेमेनला तीन महिने होते तेव्हा बसनं तिथं जाऊन आले. एका लहानशा म्युझियममध्ये पीटची, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याच्या जळणाची, वीट हातात दिली, दिसायला थेट आपली गोवरी, वजनाला हलकी, बोटांना तपकिरी भुगा लागला तो रुमालानं पुसला तरी निघेना. असल्या विटा दलदलीतून कापायच्या, वाळवायच्या, होडीत भरून ब्रेमेनला न्यायच्या, की शहरातल्या चुली पेटणार. त्या दलदलीचं नावच टॉयफेल्समूर, सैतानाची दलदल. १८व्या शतकात तिथं गोरगरिबांना वसवलं आणि त्यांच्यात म्हणच पडली, पहिल्या पिढीला मरण, दुसरीला हलाखी, तिसरीला भाकरी. १८८९ मध्ये माकेनसेन, मोडरझोन, आम एंडे ही शिकलेली मुलं तिथं चित्रं काढायला राहिली. त्यांच्या चित्रांतल्या ज्या कालव्यात आभाळ इतकं सुंदर दिसतं तो कालवा त्या गोरगरिबांनीच फावड्यानं खणलाय हो, आणि तुमच्या अख्ख्या लेखात 'मजूर' हा शब्द एकदाही नाही!

आणि चित्रकार पाउला मोडरझोन-बेकरचा उल्लेख फक्त 'मोडरझोन यांची पत्नी' असा? ब्रेमेनमध्ये तिच्या एकटीच्या नावाचं म्युझियम आहे, १९२७ पासून. तिथं तिनं १९०७ मध्ये काढलेली निराधारांच्या आश्रमातली म्हातारी आहे, मागं लाल पॉपीची फुलं आणि पुढं मांडीवर ते दोन जाडजूड हात. मी त्या हातांपुढून हललेच नाही, मुलगी दोनदा बोलवायला आली. माझी आजी दुपारी ओसरीवर टेकली की तिचे हात अस्सेच पडलेले असायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. पाउला त्याच वर्षी गेली, ३१ वर्षांची.

पुढच्या रविवारी ते चित्र छापा. रंगीत छापा आणि जाहिरातीसाठी खालून कापू नका, हात खालीच आहेत.

एक जुनी वाचक, पुणे