‘लाकडी’ टेबलात लाकूड किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरून करायच्या कामासाठी मी मे महिन्यात एक टेबल मागवले. सुट्या फळ्यांच्या रूपात चपट्या खोक्यात येणारे आणि घरी आपणच जोडायचे, अशा प्रकारचे ते टेबल होते. आता ते उभे आहे, त्यावर रोज सात-आठ तास काम होते आणि विक्रेत्याशी माझा कोणताही वाद शिल्लक नाही. म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. माझी तक्रार शब्दांविषयी आहे. जाहिरातीत जो शब्द होता तो खरा नव्हता, आणि जोडणीच्या पत्रकात जे शब्द असायला हवे होते त्यांपैकी एकही नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सुटे येणारे फर्निचर मुळातच हलके, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारातले, जुन्या बांधणीचे आहे. जिना जेमतेम अडीच फूट रुंद असून मधल्या पायरीवर काटकोनात वळतो. आजोबांचे सागवानी मेज तळमजल्यावर आहे आणि जिना त्यानंतर बांधला गेला असावा, असे आम्ही थट्टेने म्हणतो, कारण ते वर नेण्याचे आजवरचे सगळे प्रयत्न त्या वळणावरच थांबले. अशा घरात सुटे टेबल हाच मार्ग उरतो. शिवाय ही कल्पना नवीही नाही. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांची १८५९ सालची चौदा क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांची होती, आणि एक घनमीटरच्या पेटीत तशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून पाठवल्या जात. ती बीच लाकूड वाफवून वाकवलेली होती आणि तशीच ओळखली जात होती. आमच्या जवळच्या संखेड्याचा झोपाळासुद्धा खरादी कारागीर लाकडाचे भाग वेगवेगळे कातून, त्यांवर लाखेचे काम करून मगच जोडतात. तेव्हा सुटे असणे हा दोष नव्हे. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत ते कळत असले म्हणजे झाले.

मला ते कळले नाही. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘लाकडी स्टडी टेबल’ असे होते. खाली तपशिलाच्या रकान्यात ‘साहित्य’ या शब्दापुढे ‘इंजिनिअर्ड वूड’ असे लिहिले होते. हा शब्द मी वाचला आणि पुढे गेलो, ही माझी चूक मी मान्य करतो. परंतु हा शब्द वाचूनही ग्राहकाला काही बोध होत नाही. लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेले प्लायवूड, लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेले एमडीएफ आणि लाकडाचा चुरा, छिलके आणि भुसा यूरिया-फॉर्मल्डिहाइडसारख्या राळेत मिसळून गरम दाबाखाली बसवलेले पार्टिकल बोर्ड, या तिन्हींना हे एकच नाव लावता येते. त्यांच्या किमतीत, वजन पेलण्याच्या ताकदीत आणि पाणी सोसण्याच्या क्षमतेत मोठा फरक असतो. स्क्रू धरून ठेवण्यातला फरक तर टेबल एकदा उघडून पुन्हा जोडू पाहणाऱ्याला लगेच कळतो. ‘धान्याचे पीठ’ असे लिहिलेली पिशवी आपण वाण्याकडून घेऊ का? ते गव्हाचे की ज्वारीचे, एवढे तरी विचारूच. टेबलाच्या बाबतीत मात्र आपण विचारत नाही, कारण वरून लावलेल्या लॅमिनेटवर सागवानाच्या रेषा इतक्या सुबक छापलेल्या असतात की डोळा स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

खोके तीसेक किलोचे होते. ते वर नेऊन उघडल्यावर अकरा फळ्या, लाकडी खुंट्यांची एक पुडी, स्क्रूंच्या तीन पुड्या, मिनीफिक्सची एक पुडी, एक अ‍ॅलन की आणि घडी घातलेले चित्रांचे पत्रक निघाले. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की मिनीफिक्स म्हणजे एका फळीत बसवायचा खिळ्यासारखा दांडा आणि दुसऱ्या फळीतल्या गोल खळग्यात बसणारी चकती. चकती अर्धा फेरा फिरवली की ती दांड्याचे डोके ओढून घेते आणि दोन फळ्या एकमेकींना आवळल्या जातात. कल्पना हुशारीची आहे आणि आपल्या जुन्या कुसू-खाचेच्या सांध्याचे काम ती पाच मिनिटांत करते. मात्र या सांध्याला क्रम असतो. सगळ्या फळ्या सैल जोडून घ्याव्यात, चौकट उभी करावी, तिचे दोन्ही कर्ण मोजपट्टीने मोजून सारखे आहेत की नाही ते पाहावे, मागची आडवी फळी बसवावी आणि त्यानंतरच चकत्या घट्ट कराव्यात. ती मागची फळी शोभेची वाटते, पण टेबल डावी-उजवीकडे डुलू नये हे काम तिचेच असते. आधीच एक बाजू पुरती आवळली, तर दुसऱ्या बाजूची भोके एक-दोन मिलिमीटरने चुकतात आणि माणूस ती जोर लावून जुळवू पाहतो. यांतले काहीही पत्रकात नव्हते. त्यात होती ती फक्त चित्रे: बाण, ठिपके, एका टकल्या माणसाचा हसरा चेहरा आणि त्याच माणसाचा रडका चेहरा. तो कशामुळे रडतो आहे, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

डावी आणि उजवी बाजू दिसायला सारख्याच होत्या. फळ्यांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या असायला हव्या होत्या; अकरापैकी चार फळ्यांवर त्या नव्हत्याच. चित्रात एका फळीची एक कड किंचित गडद दाखवली होती. ती छपाईची शाई असेल असे मी समजलो. सौ. दोनदा म्हणाली, “अहो, ही फळी उलटी तर लागत नाही ना?” मी तिला चित्र दाखवले. चित्र पाहून तीही गप्प बसली, कारण त्यात उलटे आणि सुलटे सारखेच दिसत होते. टेबल उभे राहिल्यावर कळले, की ती गडद रेघ म्हणजे एज बँडिंगची, अर्थात पट्टी लावलेली कड होती आणि ती खोलीच्या बाजूला यायला हवी होती. माझ्या टेबलाची पट्टी भिंतीकडे गेली होती आणि चुऱ्याची उघडी कड माझ्याकडे पाहत होती. “पट्टी लावलेली कड पुढे ठेवावी” असे पाच शब्द त्या चित्राखाली असते, तर माझा पुढचा दीड दिवस वाचला असता.

मी टेबल पुन्हा उघडले. चकत्या सैल करून फळ्या वेगळ्या करताना दोन ठिकाणी मिनीफिक्सचा दांडा भोकासकट बाहेर आला आणि त्याबरोबर मूठभर तपकिरी चुरा फरशीवर पडला. त्या भोकात दांडा परत धरेना. शेवटी आमच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, मिस्त्रीकाकांना बोलावले. त्यांनी आयुष्यभर सागवानावर रंधा मारला आहे. त्यांनी फळीची उघडी कड अंगठ्याच्या नखाने खरवडली, बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, “आ तो भूको छे, भाई.” (हा तर भुसा आहे.) मग बांबूच्या दोन काड्या तासून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यांनी त्या भोकांत ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी बारीक भोक पाडून दांडे बसवून दिले. जे तपशिलाच्या रकान्यातून मला कळले नव्हते, ते त्यांनी पाच शब्दांत सांगितले. पैसे मात्र घ्यायला तयार होईनात. असल्या लाकडाला हात लावल्याचे पैसे कसले, असे त्यांचे म्हणणे पडले.

पार्टिकल बोर्ड वाईटच असते, असा माझा दावा नाही. कोरड्या खोलीत, पुस्तके आणि संगणक ठेवायला ते चालते, स्वस्त पडते आणि त्यासाठी लाकूडकामातला उरलेला चुराही वापरता येतो. पण ते आहे हे माहीत असलेला माणूस त्याला वेगळे वागवतो: ओल्या फडक्याने कडा पुसत नाही, टेबल ओढत नाही, उचलून ठेवतो, आणि पुनःपुन्हा खोलत नाही. बडोद्याच्या माणसाला तर हे माहीत असणे अधिकच गरजेचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वसाहतींत शिरले, तेव्हा माझ्या बहिणीच्या घरी ते दोन दिवस होते. पाणी ओसरल्यावर तिच्या सासऱ्यांच्या सागवानी खुर्च्या धुऊन, सावलीत वाळवून परत वापरात आल्या. मुलांच्या खोलीतले ‘लाकडी’ कपाट आणि अभ्यासाचे टेबल मात्र तळापासून फुगले होते. पार्टिकल बोर्ड एकदा फुगले की वाळूनही मूळ जाडीला येत नाही. गल्लीत घराघरापुढे तशा फुगलेल्या फळ्यांचे ढीग लागले होते. ते कपाट विकत घेताना कोणी तिला म्हणाले असते, की ताई, हे भुशाचे आहे, खालच्या मजल्यावर ठेवू नका, तर तिने ते कदाचित घेतलेही असते. पण माडीवर ठेवले असते.

आता भाषेविषयी. ज्या शहरात हे घडले त्या शहरात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर होते आणि कारागिरीचे, तंत्राचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावे, ही त्यामागची धडपड होती. म्हणजे हातकामाची माहिती देशी भाषेत सांगता येते, हे या गावात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी गृहीत धरलेले होते. आज त्याच गावात विकल्या जाणाऱ्या टेबलाबरोबर मराठी नाही, गुजराती नाही, हिंदी नाही आणि खरे म्हणजे इंग्रजीही नाही. चित्रे सर्वांना समजतात, असा युक्तिवाद विक्रेते करतात. चित्रातून ‘कुठे’ समजते. ‘आधी’, ‘नंतर’, ‘सैल’, ‘पुढची कड’ आणि ‘एकदाच घट्ट करा’ हे समजायला शब्दच लागतात.

कायदा याबाबत पूर्ण मुका नाही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, किंमत इत्यादी मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत छापणे बंधनकारक आहे. इतर भाषांना मुभा आहे, सक्ती नाही. माझ्या खोक्यावर सामान्य नाव म्हणून ‘टेबल’ एवढाच शब्द होता, आणि त्यावर आक्षेप घेणे कठीण आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूदही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याचे बंधन घातले आहे. मी तक्रार केली तेव्हा पोच वेळेत आली आणि खोक्यात नसलेल्या दोन चकत्याही बाराव्या दिवशी टपालाने आल्या, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. ज्यांना उत्तर मिळत नाही त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर फोन करावा. केंद्र सरकारने २०२५ साली फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, त्यात टेबल व डेस्कसाठीचे मानकही आहे. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु टेबल मजबूत असणे वेगळे आणि ते कशाचे आहे हे ग्राहकाच्या भाषेत सांगणे वेगळे.

सांगणे अवघडही नाही. भारतीय मानकांत या फळ्यांची नावे आणि क्रमांक आधीच ठरलेले आहेत: साध्या पार्टिकल बोर्डाला आय. एस. ३०८७, लॅमिनेट चढवलेल्याला १२८२३, एमडीएफला १२४०६, प्लायवूडला ३०३. ‘इंजिनिअर्ड वूड’ या दोन शब्दांच्या जागी ‘लॅमिनेट लावलेले पार्टिकल बोर्ड, जाडी १८ मिलिमीटर’ असे छापायला अर्धी ओळ जास्त लागेल. जोडणीच्या पत्रकात प्रत्येक चित्राखाली मराठी व गुजरातीतले एक-एक वाक्य घालायला, भाषांतराच्या व्यवसायात वीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, एका अनुवादकाची एक दुपार पुरते.

आता एक विनंती आपल्यालाही, संपादक महोदय. सणासुदीच्या आधी आपल्या अंकात फर्निचरच्या पानभर जाहिराती असतात आणि त्यांत ‘लाकडी’ हा शब्द मोठ्या टायपात असतो. जाहिरात स्वीकारताना आपल्या विभागाने जाहिरातदाराला ‘लाकडी म्हणजे कोणते लाकूड?’ एवढे विचारावे आणि येईल ते उत्तर त्या शब्दाशेजारी, त्याच टायपात छापावे. उत्तर ‘भुसा’ असे आले तरी चालेल. मिस्त्रीकाका आपला अंक वाचत नाहीत, पण त्या पानाचे कात्रण मी त्यांना नेऊन दाखवीन.

आपला,
एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदे