दोन विल्यम

पुणे

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले ते एका परीने बरेच झाले, कारण आवाज चढला की मला मुद्दा सापडत नाही आणि तुला तो ऐकू येत नाही. व्याह्यांच्या आजाराचे निदान एमिलीने तुझ्या आईला सविस्तर सांगितले. स्मृतिभ्रंश हा शब्द ऐकल्यापासून तिचे कशातच लक्ष नाही. अशा वेळी त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या घराण्याची वंशावळ तयार करून द्यावी, हा तुझा विचार मला मनापासून आवडला, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना ते विसरू नकोस.

तू पाठवलेले कागद छापून घेतले आणि भिंग घेऊन वाचले. १ जुलै १८३७ पासूनच्या सरकारी जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी, १८४१ पासूनच्या नावानिशी जनगणना, त्यामागची चर्चची दप्तरे, यांत बरेच दूरवर कुठेही बोट ठेवायला जागा नाही. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, हे ध्यानात ठेवून तू पणजीच्या वयाचा घोळ सोडवलास, ते वाचून मी आईला हाक मारून दाखवले. तिला त्यातले फारसे कळले नाही. पण तुझे अक्षर अजून तसेच आहे, असे म्हणाली. सोळाव्या शतकातील ते मृत्युपत्र तू स्वतः वाचलेस, याचा मला किती आनंद झाला, हे तुला ठाऊक नसावे. लहानपणी मोडी शिकवायला बसवले की पळून जाणारा मुलगा आता इंग्रजांची जुनी वळणदार सेक्रेटरी लिपी वाचतो! अर्थात ते मृत्युपत्र ज्याचे आहे, तो माणूस व्याह्यांचा पूर्वज आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे. पण त्याकडे नंतर येतो.

नंतर कशाला, आत्ताच येतो. १८०९ साली इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यात, स्वॉफमजवळच्या खेड्यात ज्या विल्यमचे, म्हणजे व्याह्यांच्या सर्वांत जुन्या पक्क्या पूर्वजाचे, लग्न लागले, तो कुणाचा मुलगा? हार्डविक यांच्या विवाह-कायद्यानुसार १७५४ पासून ठेवलेल्या विवाहनोंदीत वधूवरांची पॅरिश (म्हणजे एका चर्चची हद्द), सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार सापडतात. वडिलांचे नाव मात्र १८३७ नंतरच येऊ लागते. १८४१ ची जनगणना एवढेच सांगते की तो नॉरफोकमध्ये जन्मला. जन्माची पॅरिश १८५१ च्या जनगणनेत आहे आणि हा गृहस्थ १८४९ मध्येच वारला. मृत्यूच्या दाखल्यावर वय आहे, आईवडील नाहीत. म्हणजे १८०९ च्या अलीकडे भक्कम जमीन आहे, पलीकडे तू उडी मारली आहेस.

बारा मैलांच्या परिसरात त्या नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे तुला मिळाले. एक १७८६ मधला, त्याचा बाप स्वतःची जमीन असलेला शेतकरी, आणि त्याच्यामागे मृत्युपत्रांची रांग थेट एलिझाबेथ राणीच्या काळापर्यंत जाते. दुसरा १७८८ मधला, आणि त्याच्या नावापुढे समासात नुसते ‘पी’ हे अक्षर आहे. ते पाहून तू पुढे सरकलास. १७८३ ते १७९४ या काळात चर्चमधील प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि तो निर्धनांना माफ असल्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘पी’ लिहीत, हे तूच मला समजावून सांगितलेस. मग त्या अक्षरामुळे तो मुलगा कमी संभाव्य कसा ठरतो? तुझा विल्यम तर जन्मभर मजूर होता. १८१३ पासूनच्या छापील बाप्तिस्मा-नोंदींत त्याच्या प्रत्येक मुलाच्या वेळी बापाचा धंदा मजुरी असाच लिहिला आहे. धाकट्या मुलाला जमीन न मिळून तो मजूर झाला, असेही होऊ शकते. मी अमुकच खरे असे म्हणत नाही. पण दोघांतला एक निवडण्यासाठी काही तरी हवे, आणि तुझ्याकडे आवडीखेरीज काही नाही.

आधी १७८६ च्या मुलाचे दफन शोध. त्या काळी लहान मुले फार जात, आणि तो वर्षाच्या आत वारला असेल तर प्रश्नच मिटला. मूळ वही फाटलेली असेल तर बिशपकडे दरसाल जाणारी नक्कल पाहा. मग त्या शेतकऱ्याचे मृत्युपत्र: १८५८ च्या आधी ही कामे चर्चच्या न्यायालयांत चालत, तेव्हा नॉर्विचच्या अभिलेखागारात नेटाने विचार. त्यात विल्यम नावाचा मुलगा हयात असून भलत्याच गावी शेती करतो असे निघाले, तर तो तुझा नव्हे. आणि गरिबांचे कागद सोडू नकोस. १६६२ च्या कायद्याने कोणत्या निर्धनाला पोसण्याची जबाबदारी कोणत्या पॅरिशवर, हे ठरवायला माणसाला शपथेवर विचारीत की तू कुठे जन्मलास, कुठे वर्षभर चाकरी केलीस. असा एक जबाब सापडला तर दहा मृत्युपत्रांचे काम होईल. श्रीमंतांपेक्षा कंगालांविषयी सरकारने अधिक लिहून ठेवलेले असते, हे मी तीस वर्षे दप्तरात बसून पाहिले आहे.

पाहा, पुन्हा शिकवणी सुरू झाली. क्षमा कर. बेचाळीस वर्षांच्या मुलाला काय तपासावे हे सांगू नये, असे तुझी आई आत्ताच म्हणाली.

पेशवे दप्तरात असताना एक गृहस्थ नेहमी येत. आपले घराणे वडगावच्या पाटलांचे, असा त्यांचा दावा होता. आडनाव जुळत होते, नाव जुळत होते, फक्त वडगाव जुळत नव्हते. महाराष्ट्रात वडगावे काय कमी आहेत? मी दप्तर बांधलेला रुमाल सोडून कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि तालुक्याचे नाव बोटाने दाखवले. ते बराच वेळ त्या ओळीवर हात ठेवून बसले आणि मग म्हणाले, “साहेब, हे नाव जरा पुसट आहे, नाही का?” ते मुळीच पुसट नव्हते. आण्णांना घेऊन त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तेव्हा उपाध्यायांच्या वहीत चुलत्यांचे नाव नव्हते. आण्णांना ते मनातून लागले असणार, पण आपल्या हाताने भर घालायला ते तयार झाले नाहीत. तू बरोबर होतास, आठवते का? पायरीवर बसून पेरू खात होतास.

“वाढदिवसाला पुरावे कोण मागणार आहे, बाबा?” असे तू म्हणालास. तेच मला झोपू देत नाही. पूर्वीचे व्याही असते तर त्यांनीच मागितले असते. पुण्याला आले तेव्हा शनिवारवाड्यात तासभर प्रश्न विचारून त्यांनी मला दमवले होते, आणि आमच्याकडे सगळे शेतमजूर, कुणी फुटकी कवडी ठेवली नाही, असे मोठ्याने हसून सांगितले होते. त्या माणसाला आता जे सांगशील ते तपासता येणार नाही. उद्या तुझ्या मांडणीतला तो जमीनदार आपला, असेच ते म्हणू लागतील, आणि इरा ते ऐकून शाळेत सांगेल. मला स्वतःलाही हल्ली एखादे नाव चटकन आठवत नाही. माझ्या बाबतीत असे कुणी केले तर मला चालणार नाही, एवढेच म्हणतो. १८०९ वर थांब आणि तिथे दोन्ही विल्यम शेजारी शेजारी लिही. थांबलेली वंशावळही वाढदिवसाला देता येते.

आईच्या गुडघ्यांचे तसेच आहे. कोथरूडच्या जागेचे कागद सुमाकडे दिले आहेत. तूप पाठवायचे की नाही ते एमिलीला विचारून कळव. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पडद्यासमोर बसतोस, असे ती म्हणाली. ते बंद कर.

१८०९ च्या विवाहनोंदीचे छायाचित्र मला पाठव. विल्यमने सही केली आहे की फुली काढली आहे, ते पाहायचे आहे; त्यावरून काही सिद्ध होत नाही, तरी पाहायचे आहे. आणि दोन साक्षीदारांची नावे नीट वाचून कळव, तुझ्या कागदांत ती कुठेच नाहीत.

तुझा,
बाबा