‘हवेत गोळीबार’ म्हणजे नेमका कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर ‘पोलिसांचा हवेत गोळीबार, जमाव पांगला, जीवितहानी नाही’ ही बातमी वाचली आणि आतल्या पानावर आपला अग्रलेख. हातात बंदुका असताना पोलिसांनी त्या तासभर आधीच का काढल्या नाहीत, असं आपण विचारलं आहे. मी ३३ वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली निम्मी बंदोबस्तात गेली. आपला पेपर नोकरीला लागायच्या आधीपासून घेतो. काल तो वाचून जी चीड आली ती रात्रभर गेली नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलो.

हवेत गोळीबार असा काही प्रकारच नसतो. थ्री नॉट थ्री रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. नळी वर केली म्हणून ती आभाळात विरघळत नाही, कुठेतरी जाऊन लागतेच. आणि जिथे लागते तिथे दगड मारणारे नसतात, आपापल्या कामात असलेली माणसं असतात. आम्हाला प्रशिक्षणातच बजावलं होतं की जमावाच्या डोक्यावरून फैर झाडायची नाही. गोळी घालायची वेळ आलीच तर आधी भोंग्यावरून इशारा द्यायचा, निशाणा खाली धरायचा, जो पुढे होऊन जिवावर उठलाय त्याच्यावरच धरायचा, राउंड मोजून झाडायचे आणि जमाव मागे सरकू लागला की त्या क्षणी थांबायचं. दंगा काबू योजनेच्या प्रत्येक तालमीत हेच घोकून घेत. तरी आपला बातमीदार ‘हवेत’ लिहितो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पोलिसांनी समजूतदारपणा दाखवला.

मी काय पाहिलं ते सांगतो. तेव्हा माझी बारा-तेरा वर्षं नोकरी झाली होती. तालुक्याचं गाव होतं, नाव लिहीत नाही. मोर्चा कशाचा होता तेही लिहीत नाही, कारण ते लिहिलं की अर्धे वाचक एका बाजूला होतात, अर्धे दुसऱ्या, आणि मुद्दा राहून जातो. मार्चअखेरचं ऊन होतं. पहाटे पाचपासून आम्ही चौकात उभे. दुपारी दोनला पुरीभाजीची पाकिटं आली, भाजी आंबलेली होती, तशीच फेकली. चौकाला लागून रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती, दोन ट्रक तरी असेल. ती हलवा म्हणून मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. कुणी हलवली नाही. साडेतीनला पहिला दगड आला तो त्याच ढिगातला.

मग दगडांचा मारा सुरू झाला. एक आमच्या साहेबांच्या कपाळावर बसला, भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. रुमाल दाबून धरत ते ओरडले, “अरे बघता काय, काढा!” काय काढा ते बोलले नाहीत. माझ्या डाव्या हाताला सहा महिन्यांची नोकरी झालेला एक पोरगा उभा होता, हिंगोलीकडचा. त्याने खांद्यावरून रायफल उतरवली, बोल्ट ओढला आणि समोरच्यांच्या डोक्यावरून एक राउंड झाडला. जमाव पांगला. दहा मिनिटांत चौकात खडी आणि चपला एवढंच उरलं.

संध्याकाळी पंचनाम्याला मी होतो. चौकापासून दीडशे पावलांवर दुमजली घर, गच्चीवर जुन्या साड्यांवर कुरडया घातलेल्या. पाण्याच्या काळ्या टाकीला एका अंगाने करंगळी जाईल एवढं भोक होतं, दुसऱ्या अंगाने प्लास्टिक फाटून भोक मोठं झालेलं. टाकीतलं सगळं पाणी गच्चीवर पसरून कुरडयांचा लगदा झाला होता. कावळे हाकायला आठेक वर्षांची मुलगी काठी घेऊन बसवलेली होती. टाकीच्या सावलीला, टाकीलाच टेकून. तिने वाहतं पाणी थांबवायला भोकात बोट घातलं होतं, ते कापलं होतं. मी तिला होती तिथे पुन्हा बसायला सांगितलं. तिची आई मागे एकच धरून बसली होती, “तीन दिस गहू भिजू घातले साहेब, समदा चीक वाया गेला.” मी टेप काढून एक टोक भोकाला लावलं आणि दुसरं पोरीच्या डोक्याला. एक वीत भरलं. तेव्हा त्या बाईचं बोलणं थांबलं आणि ती होती तिथेच ओल्या गच्चीवर खाली बसली.

गोळी सापडली नाही. टाकीतून निघून पुढे कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की पोलिसांनी हवेत एक फैर झाडली, कुणालाही इजा नाही. आपला पेपर होता की दुसरा ते आता आठवत नाही. शब्द तेच होते, कालचेच.

नंतर चौकशी लागली. आदेश कुणी दिला? साहेब म्हणाले, मी काठ्या काढायला सांगितल्या होत्या. माझा जबाब झाला. मी सांगितलं की मला फक्त ‘काढा’ एवढंच ऐकू आलं, काठ्या हा शब्द मी ऐकला नाही. अहवालात माझा जबाब आलाच नाही. त्या पोराची दोन वर्षांची वेतनवाढ रोखली. वरिष्ठांना त्याचं काही वाटलं नाही, पण तो पोरगा पुढे कुठल्याही बंदोबस्ताला निघताना माझ्याकडे येऊन विचारायचा, “नाईक, आज हुकूम कोण देणार?” मला ते अजून विसरता येत नाही. गोळी त्याने झाडली, त्याची चूक होती, हे मी नाकारत नाही. पण डोळ्यात रक्त उतरलेला अधिकारी अर्धवट शब्द बोलतो आणि जबाबदारी शिपायावर जाते, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

कायद्यात हे स्पष्ट आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४८ आहे. जमावाला पांगायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देतो किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी, तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. शिपायाला हा अधिकार नाही, मला सहायक फौजदार म्हणून निवृत्त होतानाही नव्हता. स्वतःचा किंवा दुसऱ्या कुणाचा जीव जात असेल तर बचावाचा हक्क प्रत्येकाला आहे, तसा पोलिसालाही आहे. भिवंडीत जुलै २००६ मध्ये जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. त्या दोघांनी बंदूक चालवली असती तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

म्हणून बंदूक काढायचीच नाही, असं मी म्हणत नाही. घरात माणसं अडकली आहेत, बाहेरून पेट्रोल ओततायत, अश्रुधूर सोडून झाला, लाठीमार करून झाला, तेव्हा काढावीच लागते. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटली तेव्हा हॉटेलात चहा पिताना मला लोक विचारत होते, पोलीस काय करत होते? मी त्यांना सांगितलं ते आपल्यालाही सांगतो. दोनच महिने आधी, १ सप्टेंबरला, अंतरवाली सराटीत लाठीमार झाला होता. गृहमंत्र्यांना माफी मागावी लागली, जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, आणि आदेश कुणी दिला यावरून पुढारी कितीतरी दिवस एकमेकांकडे बोट दाखवत होते. हे सगळं बघितलेला शिपाई पुढच्या वेळी हात उचलताना दहांदा विचार करणारच, असं माझं मत आहे. नको तिथे काठी चालली की पाहिजे तिथेही ती चालत नाही.

पण रिकामी जीप जळते, दुकानाच्या काचा फुटतात, दगड ढालीवर येतात, एवढ्यावर गोळी घालायची नसते. आपण अग्रलेखात जळालेल्या गाड्या मोजल्या आहेत. गाडी नवी घेता येते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव दलाच्या तुकडीने गोळीबार केला, १० माणसं गेली, आणि हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये न्यायालयाने जन्मठेप सुनावली. मावळात ९ ऑगस्ट २०११ ला पाण्याच्या पाइपलाइनविरोधात आंदोलन करणारे तीन शेतकरी गोळीबारात गेले. तिथेही कुणीतरी आधी म्हणालंच असेल की पोलिसांनी बघत बसू नये.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते. बंदुकीवाला पहिल्या रांगेत उभा करायचा नसतो. जमाव अंगावर आला की रायफल त्याच्या हातात राहत नाही. ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईत आझाद मैदानाबाहेर पोलिसांच्या बंदुका जमावाने हिसकावल्या होत्या. पुढे ढालवाले आणि काठीवाले, मग गॅसगनवाले, रायफलवाले सगळ्यात मागे, चार-पाचच, आणि त्यांच्या शेजारी हुकूम देणारा अधिकारी. तो हुकूम वायरलेसवर स्वतःचं नाव घेऊन द्यावा, म्हणजे नंतर ‘काठ्या म्हणालो होतो’ म्हणता येणार नाही. किती राउंड नेले, किती झाडले, किती परत आले, याची नोंद त्याच रात्री स्टेशन डायरीत व्हावी. एवढं झालं तर माझ्या शेजारच्या त्या पोरासारखी वेळ दुसऱ्यावर येणार नाही.

आपल्या बातमीदाराला एक विनंती आहे. पुन्हा कधी ‘हवेत गोळीबार’ असं कळलं तर चौकातून निघायच्या आधी जवळपासच्या गच्च्यांवर जाऊन यावं.

जाता जाता आणखी एक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारीच्या कामासाठी आणलेली खडी आणि फोडलेल्या फरशीचे तुकडे गेले चार महिने पडून आहेत. काम कधीच झालं. मी दोनदा लेखी अर्ज दिला, पोच माझ्याकडे आहे. तिसऱ्यांदा गेलो तर सांगितलं की ठेकेदाराचं बिल निघालं की उचलतील. शाळेची पोरं त्यावर चढून खेळतात, रात्री मोटारसायकली घसरतात. आणि गणपतीची विसर्जन मिरवणूक याच रस्त्याने जाते, दोन मंडळं याच तोंडाशी पुढे कोण जाणार म्हणून अडतात. आपण एक फोटो छापलात तर तो ढीग मिरवणुकीच्या आधी उचलला जाईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, जि. बीड
(नाव छापू नये, ही विनंती)